हो म्हणणारी सासू

मुरबाडला नर्सिंग शिकत असताना आमच्या मॅडम वर्गात सासू व्हायच्या. पदर डोक्यावर घेतला, बाकावर मांडी ठोकली की झाली सासू. मग आम्ही एकेकीने त्यांना पटवायचं: कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवा, म्हणजे त्याला ऊब मिळते. मॅडम ऐकतायत कसल्या! "आमची पोरं जगली नाय का? तू किती वाढवलीस गो?" असं विचारून भल्याभल्यांना रडवायच्या. मी तोंडाची फटकळ. त्यांना हरवणारी वर्गात मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

शेणव्याजवळच्या एका पाड्यावर त्या मला घेऊन गेल्या, तेव्हा मी कंबर कसूनच गेले. दवाखान्यातून नुकतंच घरी आलेलं बाळ मुठीएवढं होतं. पाय हाताला गार लागले. बाळाची आई कोपऱ्यात, तिच्या सासूबाई समोर बसल्या.

"बाळ आईच्या छातीशी धरायचं."

"हो बाय."

"अंघोळ घालायची नाही."

"नाय घालत बाय."

माझा सगळा दारूगोळा तसाच राहिला. सवयीने मी भांडतच होते, शेवटी मॅडमनी मागून वेणी ओढली.

अंगण ओलांडलं आणि मॅडम म्हणाल्या, पिशवी विसरली. पिशवी तर माझ्या खांद्याला होती. तरी परत गेलो. बाळ झोळीत एकटं, आणि सासूबाई त्याच्या अंघोळीचं पाणी विसणत होत्या!

मॅडमनी आधी बाळ सुनेच्या छातीशी दिलं, मग मला बाहेर ओढलं. मला रडू आवरेना. आम्ही गेल्यावर त्या गार पायांचं काय होणार होतं?

"अशी सासू मी तुम्हाला कधी दाखवलीच नाही, चूक माझी," मॅडम म्हणाल्या. भर रस्त्यात पदर डोक्यावर घेऊन त्या बांधावर बसल्या. "चल, पटव मला."

मी काहीही सांगितलं की "हो बाय." पुन्हा सांगितलं, पुन्हा "हो बाय." आमच्यासाठी थांबलेला टमटमवाला कंटाळून म्हणाला, "मॅडम, मला समजला सगला. आता चला ना."

माझा ताबा सुटला. "नुसतं हो हो काय करता? करून दाखवा!"

मॅडमनी पदर खाली घेतला. "हेच आत जाऊन म्हण. ओरडू मात्र नकोस."

मी आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. "आजी, मी सांगितलं ते तुमच्या हातांनी करून दाखवाल?"

पहिल्यांदाच त्या हो म्हणाल्या नाहीत. सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "तू लय भराभरा बोललीस गो. मला काय कळला नाय."

मी ओशाळले. पहिल्यापासून सुरू केलं, हळूहळू. त्यांनी बाळाची मान एका बाजूला वळवली, वरून लुगडं गुंडाळलं. चुकलं तिथे मी हात लावला. मॅडम दारात बसून राहिल्या.

निघताना मी लुगड्यात हात घालून बाळाचा पाय चाचपला. कोमट लागला.