हवापालटाचं बिऱ्हाड

लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हा माझ्या सासऱ्यांचा दमा बळावला. ते रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते, नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर पोत्यांची धूळ आणि कोळशाची भुकटी छातीत गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना मुंबईच्या दमट हवेतून बाहेर काढा, दिवाळीनंतर दोन-तीन महिने लोणावळ्याला ठेवा. सोबत कोण जाणार, यावर घरात फारशी चर्चा झालीच नाही. थोरल्या नणंदेचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होतं, त्यामुळे सासूबाईंना हलता येत नव्हतं. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, कचेरी होती. मी एका शाळेत तिसरीला शिकवत होते, पण त्या नोकरीला घरात कुणी नोकरी म्हणत नसे. सासूबाई म्हणाल्या, "हिला दिवाळीची सुट्टीच आहे. पुढं बिनपगारी रजा काढेल. मोकळीच तर आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी नाताळच्या सुट्टीपर्यंत रजा दिली. त्यानंतर मात्र शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर दुसरी बाई घ्यावी लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

लोणावळ्याला तेव्हा आजारी माणसांसाठी आणि हवापालटाला येणाऱ्यांसाठी सॅनिटोरियमं असत. नाव मोठं, पण आमचं म्हणजे पत्र्याच्या छपराखाली ओळीनं बांधलेले ब्लॉक होते. पुढं सामाईक व्हरांडा, मग एक खोली, आणि तिच्या मागं स्वयंपाकघर. खोलीत दोन लोखंडी खाटा आणि एक टेबल-खुर्ची मिळे. बाकी गाद्या, भांडी, स्टो, पोळपाट, सगळं आपलं आपण आणायचं. नळाला सकाळी पाणी येई तेवढ्यात पिंपं भरून घ्यायची. मुक्कामाची मुदत महिन्याची, आणि मॅनेजरला सांगितलं की ती महिन्यामहिन्यानं वाढे.

मामंजी पुढच्या खोलीत झोपत आणि मी स्वयंपाकघरात, पिंप आणि ओटा यांच्यामधल्या जागेत गादी घालून. स्वयंपाकघराला मागं एक दार होतं, पण माकडं आत शिरून डबे पळवतात म्हणून व्यवस्थापनानं ते खिळे मारून कायमचं बंद करून टाकलं होतं. एक खिडकी होती, तिला गज. म्हणजे मला कुठंही जायचं तर मामंजींच्या खोलीतून, त्यांच्या खाटेजवळून जावं लागे. दुपारी जेवून ते आडवे झाले की मी आत अडकले. सासरे निजलेले असताना सुनेनं त्यांच्या पायथ्याशी ये-जा करायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मोडायचं धाडसही नव्हतं. मी भांडी घासून पालथी घाली, तांदूळ निवडी, निवडलेले पुन्हा निवडी. मग खिडकीशी उभी राही. समोर वाळलेल्या गवताचा डोंगर आणि त्यावर वारा. दिवसभर तो वारा पत्र्याची एकच कड वाजवत राही.

मामंजी वाईट नव्हते. ते माझ्याशी बोलत नसत एवढंच. चहा हवा असला तर कप टेबलावर ठेवल्याचा आवाज करत. भाजी आवडली नाही तर ताटाच्या कडेला सारून ठेवत. आमचं लग्न ह्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि मामंजींना सून निवडायला मिळाली नव्हती. त्याचा राग की मूळचाच अबोला, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

संध्याकाळी ते फिरायला जात. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये मुंबईची काही तरुण मंडळी आठ-पंधरा दिवसांसाठी येत आणि व्हरांड्यात पत्ते खेळत बसत. तसा एक घोळका येऊन राहिला त्या दिवशी मामंजी बाहेर पडले आणि मागोमाग मला कुलूप लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकून झालं असेल. मी दार ओढून पाहिलं. मग खोलीतल्या खुर्चीवर बसून राहिले. ते परत आले, कुलूप काढलं आणि टोपी खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी तेच. ती पत्तेवाली मंडळी निघून गेली, तरी कुलूप चालूच राहिलं.

बरेच दिवस गेल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, "मामंजी, बाहेरून कुलूप कशाला?"

"सवय आहे," ते म्हणाले. "कुलूप ओढून बघितल्याशिवाय मी गोदाम कधी सोडलं नाही."

त्यांनी ते इतकं साधेपणानं सांगितलं की मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले.

हे रविवारी येत. येताना ताजी भाजी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि वडिलांची औषधं आणत. जेवून झोपत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. आम्हाला एकमेकांशी बोलायला म्हणून जागा नव्हती. एकदा स्टेशनवर पोचवायला म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले आणि वाटेत कुलपाचं सांगितलं. ते म्हणाले, परक्या गावी तुझ्याच काळजीपोटी करत असतील. मी शाळेचं विचारलं. ते म्हणाले, बाबांना किती बरं वाटतंय बघ, आता मध्येच कसं न्यायचं. आणि खरंच मामंजींना बरं वाटत होतं. धाप कमी झाली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. मॅनेजरला सांगून त्यांनी मुदत वाढवून घेतली होती. मला ती बातमी मॅनेजरकडूनच कळली.

माझ्याशी रोज बोलणारं माणूस एकच होतं. कुसगावची एक बाई दुधाचा रतीब घालायला येई. मी तिला मावशी म्हणे. दूध मोजून झालं की ती पायरीवर टेकायची आणि आपल्या म्हशीचं, सुनेचं, खळ्यातल्या भाताचं सांगायची. एके दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं आल्यालं मानूस बाळसं धरतंय बाई. तुमीच लय वाळत चालला. म्हाताऱ्याचं दुखनं तुमी घेतलं का काय?" मी हसले. ती गेल्यावर आरशात बघितलं तर गालांची हाडं वर आली होती.

डिसेंबर सरत आला होता तेव्हाची गोष्ट. मामंजी फिरायला गेले होते, दाराला कुलूप होतं, आणि मी रात्रीच्या भातासाठी स्टो पेटवत होते. थंडीमुळं बर्नर नीट तापला नव्हता. मी घाईनं हवा भरली आणि कच्चं रॉकेल उसळून पिवळा भडका उठला. ओट्यावर दोरी बांधून मी माझे कपडे वाळत घालत असे. बाहेर व्हरांड्यात सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर, ते वाळत घालणं मला शक्य नव्हतं. भडका त्या दोरीवरच्या साडीला लागला. साडी जळत खाली आली ती माझ्या गादीवर.

मी हवा सोडायला स्टोची चावी सैल केली हे आठवतं. पाय पुसायचं गोणपाट पिंपात बुचकळून गादीवर टाकलं हेही आठवतं. ज्वाळा बसल्या, पण गादीतला कापूस आतून धुमसायला लागला आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. मी पुढच्या खोलीत धावले आणि दार ओढलं. कुलूप रोज असतं हे मला माहीत होतं, तरी मी दोन्ही हातांनी ते दार ओढत राहिले. धूर माझ्यामागून त्या खोलीतही आला. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की मी इथं मरू शकते. आणि मागोमाग मनात आलं की मामंजी येतील, कुलूप काढतील आणि टोपी खुंटीला लावतील.

मी पुन्हा आत जाऊन खिडकीचे गज धरले आणि तोंड बाहेर काढता येईल तेवढं काढलं. हाक मारायला मला लाज वाटत होती. आज हे कुणाला खरं वाटणार नाही. काय म्हणून ओरडायचं तेच सुचत नव्हतं. मागच्या पायवाटेनं दुधाची मावशी रिकामी किटली घेऊन गावाकडे निघाली होती. तिनंच धूर पाहिला.

"बाई, भाईर या की," ती म्हणाली.

"येता येत नाही. बाहेरून कुलूप आहे."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. किटली तिथंच टाकून ती मॅनेजरच्या खोलीकडे पळाली.

मॅनेजरकडे आमच्या कुलपाची किल्ली नव्हती. कुलूप मामंजींचं स्वतःचं, मुंबईहून आणलेलं, गोदामाच्या जातीचं. माळी कोयंडा उचकटायला पहार शोधायला लागला आणि मॅनेजरनं पहारेकऱ्याला सायकलवर मामंजींना शोधायला पिटाळलं. ते स्टेशनजवळच्या मालधक्क्यावर सापडले. रोज ते तिथंच जात. वॅगनी रिकाम्या होताना बघत बसत. हे कुणालाच माहीत नव्हतं.

तोवर मावशीनं खिडकीतून पाण्याची बादली ओतायला सुरुवात केली होती. निम्मं पाणी माझ्या अंगावर, निम्मं गादीवर. धूर हळूहळू पातळ होत होता. मला दारापलीकडे मामंजींची धाप ऐकू आली. आधी धाप, मग किल्ली. किल्ली कुलपावर आपटत होती, आत जात नव्हती. मॅनेजर म्हणाला, द्या इकडं. तरी ते देईनात. शेवटी बादली टाकून पुढं धावत आलेल्या मावशीनं त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप काढलं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. हातावर थोडं भाजलं होतं, केसांचं टोक जळलं होतं, बाकी काही नाही. मामंजी समोर उभे होते. टोपी कुठंतरी पडली होती. इतके दिवस कमावलेला श्वास त्या धावपळीत पुरता गेला होता. मावशी त्यांना म्हणाली, "आबा, गोठ्याला बी आमी असं कुलूप घालत न्हाई." आणि ती आपली किटली आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा नेऊन दिला आणि तिथंच उभी राहिले. मी म्हटलं, "मामंजी, नाताळची सुट्टी संपली की माझी शाळा आहे. मी जाणार आहे."

ते कपाकडे बघत होते. मला वाटलं, त्याला रविवारी येऊ दे, मग बघू, असं म्हणतील. मग त्यांनी विचारलं, "भाताला पाणी किती घालतात?"

मला आधी कळलंच नाही.

"मला अजून इथं राहायचंय," ते म्हणाले. "घरी मला काही काम नाही. इथं मालधक्का तरी आहे. तू शिकव मला."

उरलेले दिवस मी त्यांना स्वयंपाक शिकवला. साठीच्या माणसाला सुनेनं शिकवायचं, म्हणून आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता ते करत होतो. मी स्टोकडे बघून बोलायची, ते पातेल्याकडे बघून ऐकायचे. भात, आमटी, पिठलं. भाकरी त्यांना जमली नाही, म्हणून मावशी दुधाबरोबर भाकऱ्या देईल असं ठरलं. बर्नर पुरता तापेपर्यंत थांबायचं, हे मात्र त्यांनी एकदाच ऐकलं आणि मग ते इतका वेळ थांबत की मलाच कंटाळा येई. त्या दिवसांत आम्ही वर्षभरात बोललो नव्हतो तेवढं बोललो, आणि तेही सगळं मिठामोहरीचं. संध्याकाळी ते फिरायला जात तेव्हा दार नुसतं लोटलेलं असे. मी व्हरांड्यात बसे. पण कुठं जावं हे सुचत नसे. तीन-चार दिवस तर मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलेच नाही.

रविवारी हे आले तेव्हा माझी ट्रंक भरून तयार होती. आगीचं ऐकून ते घाबरले, माझा हात पाहिला. पण मी निघतेय म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. बाबांना एकटं सोडून? लोक काय म्हणतील? मामंजी आतून म्हणाले, "मी सांगितलंय तिला जायला." ते खरं नव्हतं. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं. पण त्या क्षणी मी ते तसंच राहू दिलं.

गाडीत हे वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले. घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्याला चुलीपुढं बसवून आली, हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं चार बायका जमतील तिथं ऐकलं. शाळा उघडली त्या दिवशी मी हजर झाले. माझ्या वर्गातली मुलं दोन तुकड्यांत वाटली होती, ती मुख्याध्यापिकाबाईंनी परत बोलावली. पहिल्या तासाला मी वर्गाचं दार उघडं ठेवलं. वाऱ्यानं फळ्यावरचा तक्ता उडायला लागला तेव्हा एका मुलीनं उठून दार लावलं, आणि मी शिकवत राहिले.

मामंजी होळीच्या आधी परतले. प्रकृती ठणठणीत, अंगठ्याला भाजल्याचा डाग. घरी सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. ते गॅलरीत बसत. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा लोणावळ्याचं काढलं. म्हणाले, मी एकटा राहीन. कुणीच ते मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसानं एकटं राहायचं आणि हातानं रांधायचं, तर मग घर कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सोबत कोण जाणार यावर बोलणं आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हटलं. तेव्हा मला ते म्हणता येत होतं.

मामंजींनी पुन्हा विषय काढला नाही. त्या हिवाळ्यात त्यांची धाप परत आली.