माठातलं यीस्ट

आपलंच बरोबर, अशी माझी तेव्हा पक्की खात्री असे. अजूनही असते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नागपूरच्या एका कॉलेजात माझं एम.फिल. चालू होतं. विषय सांगितला की घरचे विषयच बदलत. पेशीतला माल इवल्या पिशव्यांतून बाहेर जातो, आणि पिशवीने पेशीच्या पडद्याला कधी जाऊन मिळायचं हे एक छोटंसं प्रथिन ठरवतं. त्याने जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू धरला की ते चालू, तो रेणू मोडला की बंद.

माझ्या मार्गदर्शक सरांनी परदेशातल्या मित्राकडून एक खास यीस्ट मागवलं होतं. त्यातलं हे प्रथिन गारव्यात नीट चाले, पण सदतीस अंशांना बंद पडे आणि भरलेल्या पिशव्या आतच तुंबत. माल बाहेर आला तर परीक्षानळीत रंग दिसायचा. मला एवढंच दाखवायचं होतं की गरम नळी कोरी राहते आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेली रंगते.

तीन आठवडे दोन्ही कोऱ्याच. सर म्हणाले, "यीस्ट मेलंय. सोमवारी रंग दाखव, नाहीतर विषय बदल." म्हणजे माझं अख्खं वर्ष पाण्यात. मी रडले, तेही रागानेच जास्त.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तशीच फुगून बसले होते. प्रयोगशाळेतले काका, काटोलचे, निवृत्तीला आलेले, शेजारी नळ्या धूत होते.

"काहून वं बाई, तोंड पाडून बसली?"

"खोलीच्या तापमानाला ठेवा असं छापलंय, काका. तिथेच तर ठेवते!"

"कोनाच्या खोलीत?" काकांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने कपाळ पुसलं. "मी इथं उकडून राहिलो, अन् तुह्या यीस्टले गार वाटन काय?"

मी थर्मामीटर पाहिला. एक्केचाळीस! जन्म नागपुरात गेलेली मी, मे महिन्यात घामाने चिंब होऊन, विलायतेतल्या खोलीचं तापमान आपलं समजून बसले होते. अशी लाज वाटली की काकांकडे बघवेना.

फ्रिज फार गार, त्यात यीस्ट झोपूनच जातं. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा माठ होता. त्यात थर्मामीटर बुडवला तर पारा पंचविसावर थांबला. सरांनी मेलेलं ठरवलेलं तेच यीस्ट नळीत भरून माठात सोडलं. "आता आमी काय प्यावं?" म्हणून काका कुरकुरले आणि जाऊन दुसरा माठ घेऊन आले.

दोन तासांनी तपासलं तेव्हा नळीत स्वच्छ गुलाबी रंग होता. मी इतक्या जोरात ओरडले की काकांच्या हातून चंबू निसटता निसटता राहिला.

सोमवारी सरांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि विषय राहिला. प्रबंधात मी "मातीच्या माठात ठेवले" असं लिहिलं, सरांनी ते खोडून "जलपात्रात" केलं. मी पुन्हा माठ लिहिला, त्यांनी पुन्हा खोडला. तिसऱ्यांदा मी माठच लिहून नेला, खाली काकांचे आभारही मानले, आणि सरांनी मुकाट्याने सही केली.