पुस्तकातून काढलेली विणकरीण

अन्याय झाला तो एका विणकर बाईवर, आणि तो दोनदा झाला. पहिल्यांदा अमेरिकेत, इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत. तिच्या मालकाने अंथरुणावर पडल्या पडल्या मृत्युपत्र सांगितलं, आणि तिच्या पोटी पुढे जी काही पोरं होतील त्यांच्यासकट तिला मुलाच्या नावे करून टाकलं, त्या दिवशी. दुसऱ्यांदा २०१५ साली मस्कतमध्ये, कुरुमच्या एका ऑफिसात, गुरुवारी दुपारी, जेवणाचे डबे धुऊन झाल्यावर. पहिल्या वेळचे साक्षीदार कधीच मेले. दुसऱ्या वेळची साक्षीदार मी आहे.

तिचं नाव मला माहीत आहे. इथे देत नाही, कारण ते तिचं नव्हतंच. मालकाने ठेवलेलं होतं, कुत्र्याला ठेवतात तसं. बाकीच्यांचीही नावं देणार नाही. त्यांना स्वतःच्या नावांची फार हौस आहे. ती इथे भागणार नाही.

मी औरंगाबादची. वकिलीची पदवी घेतली, पण हात तयार झाला तो पत्रकं लिहून. जयंतीचं पत्रक, वसतिगृहातल्या जेवणाविरुद्धचं पत्रक, मोर्चाचं पत्रक. कुणावर अन्याय झाला, कधी झाला, कुणी केला आणि आता वाचणाऱ्याने काय करायचं, एवढं एका कागदावर बसवायचं. मोठा भाऊ मस्कतला इंजिनिअर. आईने मला त्याच्याकडे पाठवलं, म्हणाली, जरा शांत होईल पोरगी. दादाने विमानतळावरून अल मवालेहच्या घरी नेताना गाडीतच बजावलं, "हे बघ, इथे मोर्चा नाही, पत्रक नाही. व्हिसा ऑफिसचा आहे. तोंड उघडलंस की खलास."

दादाने मला नोकरीला लावलं ते ऑफिस म्हणजे दोन खोल्या. भाषांतर, टायपिंग, कागदपत्रं साक्षांकित करून आणणं. चालवणारे सर रत्नागिरीकडचे. फावल्या वेळात ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी मंडळी जमायची, पोहे व्हायचे आणि चार शाखांपैकी कोणती थोरली यावरून भांडणं व्हायची. सरांनी मला एकदा पहिलं प्रकरण वाचायला दिलं. मूळपुरुषाने जंगल तोडलं, माड लावले, बांध घातले, घर उभारलं.

"सर, एकट्याने?" मी विचारलं.

"म्हणजे काय?"

"नाही, बांध फार लांब दिसतो. कंबर दुखली असेल हो त्यांची."

सरांनी पानं परत घेतली. तेव्हापासून ते मला "आमच्या पुढारीणबाई" म्हणायला लागले. हसत म्हणायचे. मी हसत नसे.

मग तो अमेरिकन आला. तेल कंपनीतून निवृत्त झालेला, कुरुमच्या समुद्राजवळ राहणारा, उंच, नम्र, अत्तर लावणारा. त्याच्याकडे पूर्वजांच्या जमिनीची जुनी खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि मयतांच्या मालमत्तेच्या याद्या होत्या. मूळ कागद तिकडच्या कचेऱ्यांत, याच्याकडे नुसते फोटो. त्याला नातवंडांसाठी चामडी बांधणीचं पुस्तक करून हवं होतं, आणि त्यात एका प्रश्नाचं उत्तर: आपलं घराणं इंग्लंडातून आलं, ते कुणाच्या घरातून? सरांनी ताबडतोब होकार दिला. कुलवृत्तांत त्यांचा विषयच. जुनं अक्षर डोळे फोडून वाचायला मी होतेच.

खोटं बोलत नाही, सुरुवातीला मला मजा आली. खरेदीखत म्हणजे आपल्याकडच्यासारखंच, चतुःसीमा सांगणारं. खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून ओढ्याच्या काठाने अमक्याच्या कुंपणापर्यंत, तिथून परत ओककडे. ओक पडला की भांडण. मला आमच्या तहसील कचेरीतल्या कागदांतली बाभूळ आठवायची. बाभळीवरून सुरू झालेला दावा, बाभूळ गेली तरी चालूच.

अडचण अशी होती. त्या एकाच परगण्यात एकाच नावाचे दोन जण होते. कारकून एकाला थोरला लिहायचा, दुसऱ्याला धाकटा. थोरला बडा जमीनदार, इंग्लंडातल्या खानदानी घरचा. धाकटा ओढ्याकाठचा साधा शेतकरी. आपला अमेरिकन या धाकट्याच्या वंशातला, हे पक्कं होतं. पण धाकट्याचा बाप कोण?

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "अगं, उघड आहे. नातवाला आजोबांचं नाव. थोरला आजा, धाकटा नातू. मधला बाप लवकर गेला असेल, म्हणून कागदात नाही. आमच्याकडे बघ, एकाआड एक तीच नावं."

हे डोकं आपलंच. व्हर्जिनियाच्या जंगलात कुणी बारशाला बसून आजोबांचं नाव ठेवलंच असणार, याची सरांना खात्री! मी त्या कारकुनाची सगळी पानं वाचली होती. त्याच्या लेखी थोरला म्हणजे गावातला वयाने मोठा आणि धाकटा म्हणजे वयाने लहान, बस. नातं असो नसो. दुसऱ्या एका नावाच्या जोडीत तर थोरला सुतार होता आणि धाकटा परगावाहून आलेला खाणावळवाला.

"तू पुरावा दे," सर म्हणाले. त्यांना वाटलं, मिळणार नाही.

पुरावा मिळाला तो एका तिसऱ्या माणसाच्या मृत्युपत्रात. हा इंग्लंडातून जहाजाने आलेला, भाडं भरायला कवडी नाही म्हणून काही वर्षांच्या करारावर मालकाकडे बांधून घेतलेला नोकर. करार संपेपर्यंत मालकाला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही, लग्न करायचं नाही. सुटल्यावर त्याने ओढ्याकाठी तुकडा घेतला. मरताना तो तुकडा मुलाला दिला, आणि मुलाचं नाव तेच, जे थोरल्या-धाकट्याचं. पण दोघांतला कोणता? तुकडा पुढे विकला गेला, विकणाऱ्याच्या नावापुढे थोरला-धाकटा काहीच नाही. जमिनीने उत्तर दिलं नाही.

उत्तर दिलं तिने. कारण तुकड्याबरोबर त्याने मुलाला दिली होती "मागावर बसणारी, उजव्या हाताची दोन बोटं नसलेली" एक गुलाम बाई. आणि तिची होणारी पोरं. स्वतः बांधलेला म्हणून आलेला माणूस सुटला, आणि सुटल्यावर त्याने काय केलं, तर एक बाई विकत घेतली.

पुढे धाकटा मेला तेव्हाची यादी मी उघडली. तिकडची रीत अशी की तीन शेजारी पंच म्हणून घरभर फिरायचे आणि दिसेल ते लिहीत जायचे. म्हणून यादी पायांच्या क्रमाने चालते. पलंग, पेटी, कथलाची ताटं. मग पंच अंगणात उतरले. बाहेरची खोपी: एक माग, एक बाई, दोन बोटं नसलेली, एक मुलगी, तिची. मग गोठा, गाई.

मी खुर्चीवरून उठले. ती तिथे होती, मागाजवळ. तीन बाप्ये दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते, आणि ती मुलगी, जिला जन्माच्या आधीच वाटून टाकलं होतं, आता यादीत होती. धाकटा त्या बांधील नोकराचाच मुलगा, हे त्या दोघींमुळे सिद्ध होत होतं. आख्ख्या घराण्याचा सांधा तीन बोटांच्या एका हाताने धरून ठेवला होता.

मी प्रकरण लिहिलं. तिला मधोमध ठेवलं. सरांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"गिऱ्हाइकाला राजवाडा पाहिजे, आणि तू त्याला लेबर कँप देतेस?"

"त्याचा मूळपुरुष लेबर कँपमधूनच आलाय, सर. कफीलच्या, मालकाच्या व्हिसावर. आपल्यासारखाच."

"फाजीलपणा पुरे. ती बाई काढ. थोरला आजा ठेव."

"ती काढली तर पुरावा जातो. मग तो थोरला याचा आजा नाही, शेजारी आहे."

"कुलवृत्तांतात नोकरचाकर घालतात का कुठे? उद्या मी आमच्या गडीमाणसांची वंशावळ छापू?"

"छापा की."

सर उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी अमेरिकनला फोन लावला, आणि मी ऐकत असताना म्हणाले, "आमची मुलगी जरा भावनाप्रधान आहे." मी भावनाप्रधान! यादी मी वाचली, कारकुनाची पानं मी वाचली, आणि बारशावर विसंबून राहिलेला माणूस शास्त्रीय!

त्या शुक्रवारी दादा-वहिनींबरोबर बरक्याला मासे आणायला गेले होते. गाडीत सगळं सांगितलं. दादा सुरमईच्या भावाचं बोलत राहिला. परत येताना म्हणाला, "तुझी कोण लागते ती?"

"कुणी नाही. आपल्या पणजीचं नाव सांग."

तो म्हणाला, "कुणी लिहूनच ठेवलं नाही तर कसं सांगू?" आणि वर, "पण तरी, व्हिसा बघ हां." वहिनीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत तसाच.

अमेरिकन गुरुवारी आला. मला "यंग लेडी" म्हणाला, माझ्या मेहनतीचं कौतुक केलं. मी यादीचा मोठा केलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि एकेक दुवा दाखवला. तो हुशार होता. माझं बोलणं संपायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं. त्याने ओळीवर बोट ठेवलं.

"दोन बोटं नाहीत. कशाने?"

"कागदात नाही. पंचांनी किंमत ठरवण्यापुरतं लिहिलंय."

त्याने फोटो जवळ ओढून घेतला. मला खरंच वाटलं, हा माणूस आता तिला ठेवणार. मग तो म्हणाला, "मी कधी कुणाला विकत घेतलेलं नाही. आणि त्या काळात सगळेच तसे होते."

"ती पण त्याच काळात होती," मी म्हणाले. "ती तशी होती का?"

"माझी नातवंडं लहान आहेत."

"तिची मुलगी पण लहानच होती."

सर मध्ये पडले, "वी विल मॅनेज, सर, डोंट वरी." अमेरिकन उठला. हे काढा असं त्याने सांगितलं नाही. असली माणसं स्वतः कधी सांगत नाहीत. तो म्हणाला, "तुमच्यावर सोपवतो," आणि दार माझ्यासाठीच उघडं धरल्यासारखं धरून निघून गेला.

आम्ही डबे खाल्ले. सरांनी डबा धुतला, हात पुसले, माझ्या कॉम्प्युटरवर बसले आणि तिला काढलं. बाई गेली, मुलगी गेली, माग राहिला. हो, माग राहिला! "घराण्यात विणकामाची परंपरा होती," असं वाक्य सरांनी स्वतः घातलं. बांधील नोकर गेला. थोरला जमीनदार आजोबांच्या जागी बसला, पुराव्याच्या जागी "कौटुंबिक परंपरेनुसार" आलं, आणि इंग्लंडातलं एक खानदानी गाव मूळगाव झालं. ज्या गावाशी या माणसाचा काडीचा संबंध नाही.

"यल्ला, चल, प्रेसला पाठव," ते म्हणाले.

"मी नाही पाठवणार."

"मग रविवारी येऊ नकोस."

त्यांनीच पाठवलं. मी रविवारी गेले नाही, व्हिसा गेला, दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. विमानतळावर सोडताना त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. पणजीचं नाव होतं. गावाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याला फोन करून त्याने विचारलं होतं. "तोंड उघडलंस ते बरं केलंस," असं काही तो म्हणाला नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

पुढे वहिनीकडून कळलं, की त्या चामडी पुस्तकाची एक प्रत सरांनी ऑफिसात समोरच ठेवली आहे. नमुना म्हणून. मस्कतमधली मराठी घरं येतात, पानं उलटतात, वा वा म्हणतात, आणि आमचंही असंच करून द्या म्हणतात. सर इन्शाल्ला म्हणून काम घेतात.

म्हणून हे मी तुम्हाला लिहिते आहे, त्या अमेरिकनला नाही. कुलवृत्तांत तुमच्याही कपाटात आहे. नसला तर कुणीतरी जमवतोय आणि तुमच्याकडे नातवाची जन्मतारीख मागतोय. ती देऊ नका. आधी ते पुस्तक काढा. "बांध घातला", "घर उभारलं", "विणकामाची परंपरा होती" असं जिथे छापलंय तिथे बोट ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुणी घातला, कुणी उभारलं, कुणाच्या हातांनी. ज्यांना ते आठवतंय ती माणसं फार दिवस राहणार नाहीत. जे नाव सांगतील ते तिथेच समासात पेनने लिहा. नाव आठवलं नाही तर "माणूस होतं, नाव आम्ही लिहून ठेवलं नाही" असं लिहा आणि खाली स्वतःची सही करा. तुमच्या नातवाचं नाव त्यानंतर घाला.