दोन जागची खात्री

त्या दिवशी दुपारी मी आणि बायको पुढच्या सोप्यात बसून मिरच्यांची देठं खुडत होतो. वर्षाची चटणी करायची म्हणजे उन्हाळ्यात हे काम आलंच. ती दरवर्षी सांगायची तेच सांगत होती, "अवं, देठ मोडा, मिरची मोडू नगासा." मी दरवर्षी मिरचीच मोडायचो. समोर टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. गेले सात महिने आमच्या घरात टीव्ही असाच चालायचा. पडद्यावर आमचं पोरगं चमकणारा कोट घालून हातवारे करत होतं. कुठल्यातरी नटीच्या लग्नाचं सांगत असणार. हिनं आवाज बंद केलेला, पण चॅनेल बदलू द्यायची नाही.

"वाळलाय बघा," ती म्हणाली.

"कोटात तसा दिसतोय," मी म्हणलो.

आमचं शेवटचं बोलणं ते. दिवेलागणीला ती छातीला हात लावून खाली बसली, आणि डॉक्टर येईस्तवर सगळं आटपलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर फौंड्रीत साच्यात वाळू ठोकली. लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण मंगळवार पेठेत अजून लोक म्हणतात की त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. माझ्या बायकोबद्दल म्हणतात. ते खोटं आहे, आणि खोटं का आहे ते पेठेत मला एकट्यालाच माहीत होतं.

पोराला आवाज माझा नाही मिळाला, तिच्या बापाचा मिळाला. माझा सासरा जुना पैलवान. म्हातारपणी नजर गेली, पण मैदान सुटलं नाही. जोतिबाकडं असो नाहीतर कुरुंदवाडला, कुठं कुस्त्या आहेत म्हणलं की नातवाला शेजारी बसवून घ्यायचा आणि कुस्ती कानानं बघायचा. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल. एकदा म्हणालं, "आज्जा, निळ्या चड्डीवाला घाबरलाय."

म्हाताऱ्यानं पाठीत धपाटा घातला. "घाबरलाय हे तुला कुणी सांगितलं? त्याच्या पोटात जाऊन आलास व्हय? हात कुठं हाय, पाय कुठं हाय, तेवढं सांग."

पोरगं तिथं शिकलं. पुढं पेठांच्या फुटबॉलच्या सामन्यात माईक हातात आला. आपल्या पेठेवर गोल झाला तरी ह्याचा आवाज उतरायचा नाही, म्हणून समोरच्या पेठेची पोरंही त्याला मान द्यायची. नाहीतर आमच्या गावात फुटबॉलच्या दिवसांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मग जत्रांची मैदानं, मग गावातली केबल, आणि एक दिवस मुंबईचं बोलावणं. टीव्हीवर कबड्डी आणि कुस्ती सांगायची.

पहिल्या दिवशी तालमीतली सगळी पोरं आमच्या सोप्यात. बसायला जागा नाही. हिला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगं श्वास कुठं घेतंय ते कळायचं. मध्येच म्हणायची, "आत्ता पाणी पिलं बघा." पोरं हसायची. रात्री फोनवर विचारलं की तो म्हणायचा, "व्हय आई, पिलो हुतो." नऊ वर्षं असं चाललं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, हिलाच. "पेठेत काय नवीन?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग ही अर्धा तास सांगायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं. पोरगं लांब गेलेलं, ते ह्या बोलण्यानं घराला बांधून राहतंय असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

मग एका दिवाळीला आला आणि जेवताना म्हणाला, "आबा, खेळाला जाहिरात मिळत न्हाय. आमचा विभाग बंद केला. मला सिनेमाच्या बातम्या दिल्यात."

"म्हंजे कोण कुणासंगं फिरतंय ते?"

"तसंच न्हाय ओ."

"मग कसं?"

त्यानं आईकडं बघितलं. ती ताटात भाजी वाढत म्हणाली, "काम हाय त्ये. तुमी काय फौंड्रीत देवाच्या मूर्ती वतत हुतासा? पंपाच्या बॉड्याच की."

सगळे हसलो. तोही हसला. मग मला पटवायला म्हणाला, "आबा, आमच्याकडं कायबी उचलून देत न्हाईत. एकानं सांगितलं तर बातमी नसती. दोन जागनं खात्री झाली तरच." मला ते पटलं. ह्या धंद्यातही रीत आहे म्हणायची, असं वाटलं. तालमीच्या कट्ट्यावरचे म्हातारे मात्र रोज छळायचे. "काय आबा, आज कुणाचं मोडलं?" मी म्हणायचो, "तुजं न्हाय न्हवं? मग गप बस."

आता शेजारणीच्या पोरीचं सांगतो. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक. ही पोरगी आमच्या चुलीपुढं बसून अभ्यास करायची, आमच्या पोराला राखी बांधायची. तीही मुंबईला गेली आणि एका मालिकेत सून झाली. घराघरात तिचं तोंड. तिकडंच एकाशी लग्न केलं. हिच्या जाण्याआधी सात महिने ती अचानक माहेरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारानं आमच्याकडं आली, हिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. मी तिथंच आत खाटेवर पडलेला. उठून जावं असं वाटलं, पण गुडघे धरलेले. पोरगी म्हणाली, पोटातलं गेलं. आणि आता त्या नवऱ्याच्या घरात परत जायचं नाही. "काकू, आईला अजून सांगितलं न्हाय. तिचं बीपी किती वाढतंय तुमाला ठावं हाय. तुमीच जरा सावकाश कानावर घाला."

ही म्हणाली, "घालतो गं बाळ. तू जेव आधी."

संध्याकाळी पोराचा फोन आला आणि हिनं त्याला सांगितलं. हो, सांगितलं. पण कशासाठी? "तुज्या भनीसारखी हाय. मुंबईत तिला ऱ्हायाला जागा बघ. तिथं तिला तुज्याशिवाय कोण हाय?" आपल्या पोराला घरातली गोष्ट सांगणं म्हणजे बाहेर सांगणं असतं, हे कुठल्या आईला सुचेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर होतो. मोबाईल वाजला. पोरगं. मला त्याचा फोन कधी यायचा नाही. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्यांना दाखवून मोठ्यानं बोललो. त्यानं तब्येत विचारली, गुडघे विचारले. मग म्हणाला, "आबा, आई काल सांगत हुती ते खरं हाय? का तिचं आपलं ऐकीव?"

मी उठून बाजूला गेलो. "ऐकीव कसलं? माज्या म्होरं रडली पोरगी. पोटातलं गेलं, आनि परत त्या घरात जायाचं न्हाय म्हणती."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? मी आतच हुतो की."

"बरं आबा. ठेवतो."

भाऊ म्हणून विचारतोय असं मला वाटलं. कट्ट्यावर परत येऊन मी मान ताठ करून बसलो, जणू पोरानं बापाचा सल्ला विचारला होता.

संध्याकाळी तो पडद्यावर आला. पोरीचा हसरा फोटो, त्यावर मधोमध भेग पाडलेली. "लाडक्या सूनबाईंच्या आयुष्यात मोठं वादळ. कुटुंबाच्या अगदी जवळच्या सूत्रांकडून आम्हाला समजलंय की..." आणि सगळं सांगितलं. पोटातलं सुद्धा. आवाज तोच. निळ्या चड्डीवाल्याचं सांगायचा तसाच स्वच्छ.

हिच्या हातात पीठ मळायची परात होती. ती मला म्हणाली, "सूत्र म्हंजे कोण वो?"

मी म्हणलो, "तू."

एवढंच म्हणलो. 'आणि मी' हे म्हणायचं राहिलं. राहिलं कशाचं, मी ते गिळलं. त्या क्षणी गिळलं आणि मग वर काढायला तोंड झालं नाही.

पाच मिनिटांत शेजारीण दारात. कपाळावर घाम, पदर सुटलेला. "माज्या पोरीचं मला टीव्हीनं सांगायचं? तुज्या मांडीवर रडली, तर मांडी इकलीस व्हय गं?" ही खाली बघत उभी. मी बाजूला उभा. भिंतीचा खांब काय बोलत नाही, तसा मी.

हिनं पोराला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मी दिली नसती तर दुसऱ्यानं दिली असती. मी निदान नीट शब्दांत दिली."

"नीट शब्दांत," ही म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तो वाजायचा आणि ती भाकरी थापत राहायची. मी उचलला तर म्हणायची, "जित्ती हाय म्हणून सांगा." पोरगंही मला खात्री केल्याबद्दल कधी बोललं नाही. मीही नाही.

सात महिने ती दळणाला मागच्या बोळातनं गेली. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. नळावर बायका गप्प व्हायच्या. पोरगी मुंबईला निघून गेली, नवऱ्याच्या घरी नाही, कुठं ते आम्हाला कळलं नाही. ही कधीतरी म्हणायची, "माजंच चुकलं. मी बोलायलाच नगं हुतं." आणि मी म्हणायचो, "जाऊ दे आता." समजूत घातल्यासारखं. पोरानं तिचा विश्वास मोडला हे सगळ्या पेठेनं बघितलं. मी तिला दगा दिला तो घरातल्या घरात, रोज, चहा पिता पिता.

ती गेली त्या संध्याकाळी पहिली उंबरा ओलांडून आली ती शेजारीण. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी आणून घालतात. तिनं पिठलं-भात आणला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "खावा भाऊजी. गेलेल्या माणसासंगं वैर नसतंय."

सोप्यात बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "बाई सोन्यासारखी हुती, तेवढं तोंड आवरलं असतं तर." दुसरी म्हणाली, "चुचू... जाऊ दे." मी घास गिळला. ताट बाजूला सारलं.

सकाळी पोरगं आलं. गाडीतनं उतरताच गर्दी झाली. आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. खोटं रडला नाही, ते मी बापाच्या नजरेनं सांगतो. पण रडताना तोंड उजेडाकडं होतं. दोघं-तिघं मोबाईल वर धरून उभे होते आणि त्यानं त्यांना नको म्हणलं नाही.

मी त्याला मागच्या परड्यात नेला. म्हणलो, "तू माज्याकडनं खात्री करून घेतलीस, ते आईला सांगितलं हुतंस?"

तो म्हणाला, "न्हाय आबा. मला वाटलं तुमीच सांगितलं असंल."

मी त्याला शिव्या देणार होतो. रात्रभर जुळवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही देता येईना, कारण जी त्याला लागली असती ती मलाही लागत होती.

"पुढं जा," मी म्हणलो. "काय करायचं ते भटजीला इचार. मी आलोच."

शेजारीण तिच्या दारात घागर भरत होती, हिला आंघोळ घालायला. मी तिच्या उंबऱ्यावर गेलो. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"वैनी, सूत्र ती एकटी न्हवती," मी म्हणलो. "तिनं पोराला तुमच्या पोरीसाठी जागा बघ म्हणून सांगितलं. खात्री माज्याकडनं केली. मी व्हय म्हणलो नसतो तर बातमी झाली नसती. आनि हे तिला ठावं न्हवतं. तिला मरेपातूर वाटलं, तिचं एकटीचं चुकलं."

घागर भरून पाणी वाहायला लागलं. तिनं नळ बंद केला.

"सात म्हैनं माज्या दारावरनं मान खाली घालून गेली ती," शेजारीण म्हणाली. "आनि तुमी बघत बसलासा?"

"व्हय."

"मला सांगून काय उपेग भाऊजी? जिचं गेलं तिला सांगा." तिनं ओले हात पदराला पुसले, आतनं मोबाईल आणला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडनं पोरगी म्हणाली, "आई, काकूंना नेलं का गं?"

मी म्हणलो, "मी काका बोलतोय." आणि सांगितलं. मग तिचा आवाज आला, अगदी थंड.

"काका, त्याला काय काय बोललासा? एक शब्द सोडू नका."

आमच्या दारातनं पोरं हाका मारत होती, "आबा, चला, उशीर व्हालाय." मी त्यांना हातानं थांबा म्हणून खूण केली, उंबऱ्यावर खाली बसलो, आणि कट्ट्यावर फोन वाजला तिथनं सांगायला लागलो.