माझ्याकडे तर चालतंय

अगं चिनू, कान जरा इकडे कर आणि मावशीची बोलणी ऐकून घे. फोनवर "माझ्याकडे तर चालतंय" म्हणालीस आणि मोकळी झालीस! माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा निराळ्याच जातीचा निघाला. विणकामाचे माझे सगळे नमुने ज्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये आहेत, तो याच्यासाठी तयार मिळत नाही, मूळ कोडपासून आपणच बांधावा लागतो. सकाळी बसले बांधायला. गिरणीतून पीठ पडावं तशा ओळी सरसर पडत होत्या, आणि एकाएकी थांबल्या. अमुक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा दुसऱ्या कुणाचा तयार कोड, नाही म्हणे. ती आणून दिली, तर ही नको, जुनी हवी. रुसलेली विहीण परवडली गं, तिला निदान शालू बदलून देता येतो!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मायेनंच लिहिलाय, सगळ्यांना वाटूनही टाकलाय. पण लिहिताना डोळ्यांपुढे त्याचं स्वतःचंच घर होतं. आपले सल्ले तरी कुठे वेगळे असतात? आपल्या उंबऱ्याच्या आतूनच देतो आपण.

थांबलेल्या ओळीखाली ती बारीक रेघ अजून लुकलुकतेय. तुझ्या होणाऱ्या बाळाच्या दुपट्याचा नमुना तिच्यापलीकडे अडकलाय. म्हणून आता फोन नको. या रविवारीच ये, आणि माझ्या खुर्चीत बसून मग म्हण, चालतंय म्हणून.