चांदणीचा खूर

आमच्या साडूभाऊंइतका जनावरावर जीव टाकणारा आणि माणसांना हिंग लावूनही न विचारणारा गृहस्थ चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत दुसरा झाला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माजरीच्या कोळसा खाणीत ते हजेरी घ्यायचे आणि नोकरी सांभाळून लग्नांना घोडी पुरवायचे. नव्वद सालानंतर केव्हातरी ते बायकोसाठी शिलाई मशीन आणायला म्हणून वरोऱ्याला गेले आणि दिवेलागणीला एक हाडकुळी पांढरी घोडी घेऊन पायी पायी घरी आले. कोण्या बँडवाल्यानं ती विकायला काढली होती. बाईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, दारात उभं राहून विचारलं, "मशीन कुठी आहे?" साडूभाऊ म्हणाले, "अगोदर हिले पानी दे." त्यानंतर त्या घरात जे काही बोललं गेलं ते घोडीविषयीच.

घोडीचं नाव त्यांनी चांदणी ठेवलं. माजरीत पांढरी वस्तू दुपारपर्यंत पांढरी राहत नाही; दोरीवरचं धोतर वाळेपर्यंत राखाडी होतं. पण साडूभाऊंनी हट्ट धरला की चांदणी पांढरीच दिसली पाहिजे. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी तिची आंघोळ, मग खरारा, मग कोळशाची भुकटी जाऊ नये म्हणून नाकपुड्या ओल्या फडक्यानं पुसणं. त्यांची एकुलती एक मुलगी शालू तेव्हा शाळेत जायची. तिचा गणवेश उरलेल्या पाण्यात आणि उरलेल्या वेळात धुतला जायचा. बाई म्हणायच्या, "आमच्या घरी पयली घोडी, मंग पोरगी, मंग मी. तुमचे भाऊ स्वतःले त मोजतच नाई."

जनावर आजारी पडल्यावर धावाधाव करणारे पुष्कळ असतात. साडूभाऊंचा जोर जनावर ठणठणीत असतानाच. "रोग झाल्यावर डॉक्टर कोनीबी आनते," ते म्हणत, "रोग नाई तवा आनून दाखवा." असं म्हणून ते खरंच आणत. गुरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नव्यानं आला होता. बैल आणि बकऱ्यांवर त्याचा हात बसलेला, पण घोड्याच्या मागच्या पायांविषयी त्याच्या मनात जी भीती होती ती त्यानं कधी लपवली नाही. साडूभाऊ दारात दिसले की तो विचारायचा, "काय झालं घोडीला?" साडूभाऊ म्हणायचे, "काईच नाई." "मग आलात कशाला?" "काईच नाई म्हनून त आलो. काई होऊ नये ते सांगा." अखेर तो पोरगा बिचारा लांबून, भिंतीला पाठ लावून, चांदणीला धनुर्वाताची सुई द्यायला शिकला.

ही लस थंडीत ठेवावी लागते. तिच्यासाठी साडूभाऊंनी घरात फ्रिज घेतला. बाईंना आपल्या संसाराचं बरं चाललंय असं वाटलं ते पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच. चांद्याकडचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला थंड पाण्याची किंमत सांगायला नको. आम्ही घामाघूम होऊन त्यांच्याकडे पोचायचो, डोळ्यांसमोर फ्रिज उभा असायचा, आणि साडूभाऊ त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसलेले असायचे. दार उघडलं की गारवा निघून जातो आणि औषध खराब होतं, त्यातून लाइट जाण्याची धास्ती. "माठातलं प्या," ते आम्हाला सांगायचे, "माठाचं पानी तब्येतीले चांगलं." आमच्या तब्येतीची त्यांनी केलेली एवढीच चौकशी मला आठवते.

तसं म्हणणंही थोडं अन्यायाचं होईल. जंताचं औषध ते चांदणीबरोबर अख्ख्या घराला द्यायचे. घोडीच्या तोंडात औषधाची नळी, बाकीच्यांच्या हातावर गोळ्या, आणि त्या दिवशी कोणी पाहुणा आला असेल तर त्याचीही सुटका नाही. दर सकाळी ते लीद काडीनं उकलून बघायचे, लोक पेपर वाचतात तशी, पहिल्या पानापासून. मग चांदणीचा ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायची आणि रंग किती लवकर परततो ते बघायचं. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर अंगात पाणी पुरेसं आहे. ही सवय त्यांच्या हातात इतकी मुरली होती की शालूच्या सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी बोलता बोलता होणाऱ्या व्याह्यांच्या मनगटाची कातडी धरली, सोडली, आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "तुमच्यात पानी कमी आहे." व्याही बल्लारपूरचे, पेपर मिलमधले जुने फोरमन, मिशा राखणारे. आपली जोखून किंमत केली जाते आहे अशी त्यांची समजूत झाली. ती काढायला मला आणि माझ्या बायकोला तासभर लागला.

धंद्याचं म्हणाल तर साडूभाऊ लग्नघराला तारीख विचारण्याआधी नवरदेवाचं वजन विचारत. जाडजूड नवरदेवाला ते राइस मिलच्या काट्यावर पाठवत. फटाके वाजवणार का, वाजवणार असाल तर घोडी नाही. बँड वाजणार, तर चांदणीच्या कानात कापूस. सावलीची सोय करा, वाटेत पाणी पाजा, नाचणाऱ्यांनी तिच्या मागं जायचं नाही. आमच्या भागात मुहूर्ताआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवत नेतात, त्याला परण्या म्हणतात. त्या परण्यात नवरदेवाला जेवढं कोणी जपत नसेल तेवढं साडूभाऊ घोडीला जपत चालायचे. पुढं पुढं लोक इतके वैतागले की भद्रावतीहून दुसरी घोडी आणू लागले, आणि चांदणी वर्षातले बहुतेक दिवस घरीच उभी राहू लागली, रोज तपासली जाऊन.

एवढं सगळं सांगितलं ते शालूच्या लग्नाचं सांगायचं म्हणून. लग्न मे महिन्यात, माजरीलाच. वऱ्हाड बल्लारपूरहून सकाळच्या गाडीनं आलं, शाळेत त्यांच्या उतरण्याचा जानोसा होता. घोडी मुलीच्या घरची, त्यामुळे परण्याची तर काळजीच नव्हती. चांदणीला झूल घातली होती, कपाळावर गोंडे होते, बँडवाले वाद्यं काढून तयार होते. नवरदेवाला बाशिंग बांधलेलं. साडूभाऊ शेवटचं म्हणून चांदणीचे खूर साफ करायला खाली बसले आणि पुढच्या डाव्या खुरावर हात ठेवून तसेच बसून राहिले. मग उठून म्हणाले, "घोडी नाई जाऊ शकत. खूर गरम आहे."

आता मे महिन्यात, दुपारी, माजरीत गरम नसलेली एक वस्तू मला कोणी दाखवावी. मी हात लावून बघितला. मला गरमच लागला. दुसरा लावून बघितला, तोही गरम. शेजारचा दगड त्याहून गरम. साडूभाऊ म्हणाले, "तुमाले नाई समजनार. तिन्ही एकासारखे आहेत, हा वेगळा आहे. आज चालवली त उद्या लंगडीन." मग भटजींनी हात लावला, बँडमास्तरनं लावला, नवरदेवाच्या मामानं लावला. एखाद्या देवाच्या पायाशी रांग लागावी तशी रांग चांदणीच्या खुराशी लागली, आणि जो तो उठताना वेगवेगळं मत देऊन उठला. कोणी म्हणालं, दोनशे पावलांचा तर परण्या आहे. कोणी म्हणालं, हळू चालवा. साडूभाऊ लगाम धरून उभे, नकाराची मान हलवत.

व्याही आले तेव्हा प्रकरण हसण्यासारखं राहिलं नाही. मिशीवर घाम, डोळे लाल. ते हळू आवाजात म्हणाले, "घोडी तुमच्या घरची. सगळ्या माजरीत दिली. आन् माह्या पोराले पायी चालवता? बसवाचं नसन त सांगून टाका. आमची बल्लारपूरची गाडी पाचले आहे." त्यांच्यामागं वऱ्हाडातले लोक उठून उभे राहायला लागले होते. माझी बायको मला म्हणाली, तुम्ही बोला. मी साडूभाऊंना बाजूला घेतलं, समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. ते म्हणाले, "बोलता येत असतं तिले त तिनंच सांगतलं असतं. मले सांगा लागते, मी काय करू."

आत खोलीत शालू पिवळ्या शालूत, मेंदीचे हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. तिला बातमी लागलेलीच होती. मी दारात गेलो तेव्हा ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, "काकाजी, बाबाले म्हना, एक दिवस. आजचा एक दिवस त माह्याकडं पाहा म्हना." मी हा निरोप बाहेर नेऊन साडूभाऊंना जसाच्या तसा सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. लगाम हातातून सुटला, पुन्हा धरला. एवढं होऊनही ते "घ्या घोडी" असं म्हणाले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून संताप आला होता, तो अजूनही थोडा आहे.

सोडवणूक केली ती ज्याचं लग्न होतं त्यानं. नवरदेव हा चांगला अंगापिंडानं भरलेला, बोलायला कमी. तो बाशिंग एका हातानं सावरत, लोकांना बाजूला करत आला, खाली बसला आणि खुरावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बापाकडं बघून म्हणाला, "बाबा, गरम आहे. मी पायीच जातो. घोडी सोबत चालू द्या, खाली पाठीनं, हळूहळू." नवरदेवच म्हणतो म्हटल्यावर व्याह्यांना मिशी खाली घ्यावी लागली. असा परण्या माजरीनं ना आधी पाहिला ना नंतर: पुढं बँड, मग झूल घातलेली रिकामी घोडी, आणि तिच्या गळ्याशी हात ठेवून चालणारा घामाघूम नवरदेव. जेवणाच्या पंगतीत मी त्याला हळूच विचारलं, खरंच गरम होता का रे? तो म्हणाला, "माह्या हाताले ओली मेंदी होती काकाजी, मले काय समजते. पन ते मामाजी खोटं नाई बोलून राह्यले होते." सासऱ्याला आमच्याकडं मामाजी म्हणतात. डॉक्टरला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, असू शकतो, नसूही शकतो. हा वाद आमच्या घराण्यात अजून मिटलेला नाही.

निरोपाच्या वेळी जीप उभी होती, बायका रडत होत्या, शालू आत बसली होती आणि बापाकडं बघत नव्हती. साडूभाऊ जीपला वळसा घालून जावयापाशी गेले. मला वाटलं, आता खुराबद्दल आभार मानतील. त्यांनी जावयाचा दंड धरला आणि हजेरी घेताना बोलत तशा सपाट आवाजात सुरू केलं. "ही दुखलं खुपलं सांगत नाई. डोकं दुखलं का केस मोकळे सोडते. ताप येनार असला का आदल्या दिवशी चहा नाई घेत. रागावली का घासलेले भांडे पुन्हा घासते, तवा बोलाचं नाई, पाच मिनटानं बोलाचं. थंडीत उजव्या पायाची टाच फाटते, तेल गरम करून द्याचं. वांग्याची भाजी हो म्हनून खाते, पन आवडत नाई. पेपराच्या टायमाले हिचं पोट दुखे, आमाले सांगतलं नाई कधी, मले जेवनावरून समजे. तुमी विचारलं त काई नाई म्हनन. विचाराचं नाई. पाहाचं." ड्रायव्हरनं गाडी चालू केली, बंद केली. शालूनं मान वळवली होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं आपल्याला या घरात कोणी बघतच नाही असं धरून चाललेली ती पोरगी बापाकडं बघत राहिली, आणि मग जी रडायला लागली ती जीप फाटकापलीकडं गेली तरी ऐकू येत होती.

आम्ही त्या दिवशी तिथंच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊंनी मला उठवलं. "चला जरा. चांदणीचं काई खरं नाई." मी डोळे चोळत मागे गेलो. त्यांनी माझ्यासमोर सगळी तपासणी केली. लीद नीट होती. हिरड्या गुलाबी. कातडी सोडली की सपाट. खूर चारही थंड, चाल सरळ. "सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, "पन काईतरी आहे. ती खाऊन नाई राह्यली." मी गव्हाणीत वाकून बघितलं. गव्हाण चाटून पुसून साफ होती. तसं सांगितलं तर म्हणाले, सांडलं असेल. डॉक्टरला बोलवू का म्हणाले. चांदणी शेपटीनं माशा हाकत मजेत उभी होती.

बाई हातात थाळी घेऊन मागच्या दारातून आल्या. कालचाच भात, वरण, उरलेली बुंदी. त्या म्हणाल्या, "तिनं खाल्लं. मीच टाकलं पहाटे, सगळं खाल्लं. तुमीच नाई खाल्लं. परवा हळदीच्या सकाळपासून तुमच्या पोटात घास नाई." एवढी वर्षं सगळ्यांचं खाणं बघणाऱ्या त्या माणसाला ही गोष्ट खरोखरच नवी होती. ते गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. बाईंनी थाळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"शालूनं खाल्लं असन का तिथी?" ते म्हणाले.

"आता तिथी पाहनारा आहे. तुमी सगळं सांगतलं ना त्याले."

"सांगतलं," साडूभाऊ म्हणाले. "पन सांगून नाई समजत, शालूची माय. मले किती वर्स लागले."

बाईंनी वरणभाताचा घास कालवला आणि त्यांच्या हातात दिला. त्या माणसाची जन्मभर टिंगल करत आलो, पण त्या सकाळी मला त्यांच्याकडं बघवेना. मी पाठ फिरवून चांदणीच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिलो.