दुपारच्या झोपेवर मेथी

आमच्या कोथरूडच्या गल्लीत केक मध्यरात्रीही मिळतो. मेथीची जुडी मात्र दिवसाढवळ्या मिळत नसे. रस्ता रुंद झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या उठल्या, त्या पुन्हा बसल्याच नाहीत. मोबाइलवरून मागवलेला पाला पिशवीत घामेजून काळा पडलेला यायचा, आणि मंडई गाठायला माझे गुडघे तयार नव्हते.

एरवी मी चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण आमच्या ह्यांची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टर म्हणाले, "काका, ताटात पोळी-भातापेक्षा भाजी जास्त दिसू दे. नाहीतर पुढच्या वेळी इन्सुलिन." सुईला हे भयंकर घाबरतात. मुलाला लस टोचायची असली तरी हेच दवाखान्याबाहेर जाऊन उभे राहायचे.

म्हणून मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. मुळशीकडची एक बाई स्वतःच्या शेतातली भाजी टेम्पोत घालून शेजारच्या सोसायटीत आणायची. तिला आमच्या पार्किंगमध्येही येऊ द्या, एवढंच माझं मागणं. चिटणीस म्हणाले, "आपलं म्हणणं रास्त आहे हो, पण काही शिस्त?" शेवटी शिस्तीसकट परवानगी मिळाली. गाड्यांची ये-जा नसते म्हणून वेळ दुपारी दोन ते चार, आणि ओरडायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

दोन ते चार आमची अख्खी इमारत झोपते, हे त्या झोपाळूंच्या सभेत एकाच्याही डोक्यात आलं नाही! बाई मुकाट्याने यायची, मुकाट्याने उभी राहायची आणि सुकलेला माल घेऊन परत जायची. गिऱ्हाईक मी एकटी. थोडे दिवस तिने कळ काढली, मग एका दुपारी म्हणाली, "बाई, तुमच्या एकलीसाठी किती माल सुकवू? आज इकला तर इकला, न्हायतर म्या काय पुन्यांदा येत न्हाय."

मी रडकुंडीला येऊन वर आले. हे नुकतेच आडवे झाले होते. "ती आता यायची नाही," मी म्हटलं. "घ्या टोचून."

हे उठले. घरात चोर शिरला असता तर त्यालाही 'चारनंतर या' म्हणाले असते, असा हा माणूस. पण उठले, शर्ट चढवला आणि तळमजल्यापासून एकेका घराची बेल दाबत सुटले. भर दुपारी, पुण्यात! मी जिन्यात जीव मुठीत धरून उभी.

"कोण गेलं?" पहिलं दार उघडून एकाने विचारलं.

"कोणी नाही. मेथी आलीये, ताजी आहे," असं म्हणून हे पुढच्या बेलकडे वळले.

झोपमोड झालीच आहे तर बघू या, म्हणून माणसं दात-ओठ खात खाली आली. बघता बघता टेम्पो रिकामा झाला. चिटणीस बनियनवरच खाली आले होते. "हे असं दर वेळी होणार का?" त्यांनी विचारलं.

"वेळ बदलली नाही तर होणार," हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि भाजीची वेळ पाच ते सात झाली. शिस्तीचं नाव कुणी काढलं नाही. आता संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आम्ही बायका गवार मोडत बसतो, आणि चिटणीस माठ ताजा आहे की नाही यावर मत देतात.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "सुई नको, काका. हेच चालू ठेवा." मला एकदम हुश्श झालं. तिथेच डोळ्यांना पदर लावला. रिक्षात बसल्यावर ह्यांनी माझा हात धरला.

"त्या दिवशी बेल दाबताना सारखं वाटत होतं," हे म्हणाले, "कुणी दार उघडलंच नाही तर?"

घरी येऊन ह्यांनी माठाची भाजी दोनदा मागून घेतली आणि दोनच्या ठोक्याला आडवे झाले. मी जाऊन आमच्या बेलचं बटण बंद करून ठेवलं.